सातापर्यंत तू शिकवलंस

प्रिय सुनंदा,

उद्या शाळेत आपल्या सईला आठाचा पाढा म्हणायचाय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

शेवटच्या दुखण्यात तू मला सगळं सांगून गेलीस. दूध कुठनं आणायचं, सईच्या वेण्या कशा घालायच्या. पण पोरीला गणित कसं शिकवायचं ते सांगितलं नाहीस की गं! मी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा माणूस. मला पाढे छडीनं आले, दुसरी रीत मला कुठं ठाऊक?

कितीतरी दिवस ती आठ एकेलाच थांबते. बाई म्हणाल्या, घरी लक्ष द्या. आज मी जरा आवाज चढवला, तर म्हणते कशी, "मला न्हाय म्हणायचा. आई सातापर्यंतच शिकवली."

"मग म्होरचा मी शिकवतो की!"

"नको. मग आईचं संपलं."

तुला धरून बसलीय गं पोरगी. लई भ्या वाटलं मला. ही जन्मभर सातावरच अडकून राहिली तर?

शेवटी तुझा तो चहाचा ट्रे काढला. तू मांडायचीस तसे शेंगदाणे मांडले, सातसातच्या आठ ओळी. माझ्या ओळी सगळ्या वाकड्या! तिनं वैतागून सरळ केल्या. "सात आठी छप्पन," म्हणाली आणि तुझ्यासारखाच ट्रे फिरवला. आता आठआठच्या सात ओळी. दाणे तेवढेच.

तिनं ओळी बोटानं मोजल्या. मग हळूच म्हणाली, "आठ साती छप्पन. पप्पा, हे आईचंच हाय की!"

मग काय! आठ दुणे, आठ त्रिक, सगळे तुझ्याच पाढ्यांतले निघाले. आठ आठीला मात्र अडली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी तुझ्या छप्पन दाण्यांखाली आठाची एक ओळ लावली. तिनं मोजलं. "चौसष्ट."

ट्रे अजून उचलू देत नाही. उद्या वर्गात तोंड उघडेल का गं? धाकधूक आहेच.

पण तुला शब्द देतो. नवाचा असो नाहीतर बाराचा, आधी तुझ्या ओळी मांडीन, मगच त्यांच्याखाली आम्हा दोघांची लावीन.

तुझाच,
दत्ता