नोंदीतली धाप

सोमवार, ता. ३
सामान सुखरूप पोचलं. ट्रकचे चारशे ऐंशी, हमाली साठ. एक बरणी फुटली, तिचे पंचवीस हमालीतून कापून घेतले. इस्पितळाच्या आवारातच डॉक्टरांची घरं आहेत, आम्हाला दुसरा मजला मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला खिडकी. देव तिथेच मांडले. भाडं नाही, पाणी फुकट, औषधंसुद्धा फुकट! देवाने फार वर्षांनी ओंजळ भरली.

ह्यांना इथे हृदयरोग विभाग दिला आहे. वीस वर्षं नुसती नाडी धरून निदान करणारा माणूस. मी मेली मॅट्रिक, पण ह्यांचा हात चुकत नाही एवढं मलाही कळतं.

मंगळवार, ता. ४
शेजारी भूल देणाऱ्या डॉक्टरांची बायको राहते. सगळे तिला भूलवहिनी म्हणतात. बोलघेवडी आहे. म्हणाली, ह्यांनी दिवसभर गावाला झोपवायचं आणि मी मात्र ह्यांचं घोरणं ऐकत जागायचं.

दुपारी गुणवत्ता कक्षातल्या तपासनीस बाई माझ्या नावाचा तक्ता घेऊन आल्या. सगळं इस्पितळ ह्या तक्त्यांवर चालतं. तक्रार लिहिली की पुढे कितव्या दिवशी कोणती तपासणी, कोणतं औषध, ते आधीच छापलेलं असतं. डॉक्टरने त्याबाहेर पाऊल टाकलं की लाल शेरा.

मला लिहिण्यासारखी तक्रारच नव्हती. पण भूलवहिनी कानाशी पुटपुटली की तक्रार असेल तरच ताकदीच्या गोळ्या फुकट मिळतात. तिने स्वतः पाठदुखी लिहिली आहे. मग मीही लिहिलं : जिना चढताना धाप लागते. एवढंसं खोटं देव पोटात घालेल.

गुरुवार, ता. ६
महिनाभराच्या गोळ्या आल्या. ह्यांना खरं सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, अगं, दोन भरलेल्या बादल्या घेऊन तू दोन जिने चढतेस, ते बघून धाप लागते ती मला. तरी नळी लावून छाती ऐकली आणि तक्त्यावर लिहिलं : प्रकृती उत्तम, उपचार बंद.

सोमवार, ता. १०
तक्ता परत आला. ह्यांच्या ओळीवर लाल शेरा, निर्णय तक्त्याशी जुळत नाही. रात्रभर वाईट वाटत राहण्यापेक्षा मीच कक्षात गेले, खोटं कबूल केलं, कान पकडले. तपासनीस बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, घाबरू नका ताई, आजार नाकारणं हे लक्षण सातव्या दिवशी छापलेलंच आहे.

घरी येऊन बोटं मोजली. आज सातवाच.

बुधवार, ता. १२
ह्यांनी पुन्हा तेच लिहिलं, दुसरा लाल शेरा आला. तिसऱ्याला नोकरी जात नाही म्हणे. तिसऱ्याला डॉक्टरचाच तक्ता उघडतात.

ह्यांनी जेवण उरकलं. मग नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत म्हणाले की थोडी घरघर आहे खरी. मी ह्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा जिना चढून दाखवला. ह्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवार, ता. १४
भूलवहिनी दोन दिवस दिसली नाही. तिच्या नवऱ्याला विचारलं. म्हणाले, तिचा तक्ता पूर्ण झाला. हसत म्हणाले.
पाठदुखी होती तिला. नव्हतीच, लिहिलेली होती —

शनिवार, ता. १५
माझा तक्ता ह्यांच्या पिशवीत सापडला. गुरुवार, ता. २०, सकाळी दहा : छाती उघडणे. खाली ह्यांची सही. कुठे हात हललेला नाही. शुक्रवारचा रकाना कोरा. त्यापुढे रकानेच नाहीत.

विचारलं ह्यांना. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, वेडे, ह्या इस्पितळाचा एकही तक्ता अजून चुकलेला नाही.

फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्याने नाव विचारलं, यादी पाहिली आणि परत पाठवलं. धापेच्या पेशंटला इतकं चालायची परवानगी नाही.

रविवार, ता. १६
जप मधेच तुटतो. आठ पायऱ्या — फक्त आठ — आणि मग भिंत धरून —
खरीच लागते आहे. देवा, मी तर नुसतं लिहिलं होतं —

दादा, ही वही धुणं नेणाऱ्या बाईच्या गाठोड्यात घालते आहे. ती टपालात टाकेल. इथे माणसाचं कुणी ऐकत नाही, कागदाचं ऐकतात. तू कागद पाठव — सख्खा भाऊ म्हणून, सहीशिक्क्यानिशी — माझी बहीण ठणठणीत आहे — तिला कधी काही झालं नाही — बुधवारच्या आत —

जिन्यात चाकांच्या खुर्चीचा आवाज. आज तर रविवार —

उलट टपाली कळव, दादा. पण ह्यांच्या नावे नको. ह्यांच्या हातात पडलं तर हे आधी तक्त्याशी ताडून बघतील आणि —