खंडेरावाच्या वंशाचा शोध

४ जानेवारी
सार्थकचा साखरपुडा आटोपला. मुलगी सोयगावची, ज्ञानेश्वरी घोंगडे. चार वर्षं नकार ऐकल्यावर हा होकार. पोरगा आंघोळीत गुणगुणतो.
संकल्प : लग्नात टॉवेल-टोपीऐवजी आपल्या कुळाचा छापील इतिहास वाटायचा. सोनाजी आणि खंडेराव, सख्खे भाऊ, दुष्काळात फलटणकडून मेंढरं घेऊन इकडं आले. आम्ही सोनाजीचे. खंडेरावाचा वंश कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही. मी शोधणार. रत्नमाला म्हणाली, आधी मंगल कार्यालय शोधा. बायकोला इतिहासाचं अंगच नाही.

२० जानेवारी
संशोधन सुरू. फाइल आणली. थंडीमुळं आज इतकंच.

८ फेब्रुवारी
सिल्लोड. चुलतभाऊ सर्जेराव मका विकायला आला होता. म्हणाला, खंडेरावाची माणसं घोंगड्या विकत सोयगावकडं गेली. वा! व्याह्यांचंच गाव. रत्नमाला म्हणते, लग्न होईस्तोवर गप बसा. तिला माझ्या कामाची एवढी धास्ती का, कळत नाही.

२२ फेब्रुवारी, सायंकाळ
सोयगाव. व्याही मोतीरामराव यांनी जोरदार पाहुणचार केला. मी कुळाचा विषय काढला की ते चहा मागवत. पोटात नुसता चहा. पण मी सोडतो का? त्यांच्या आत्या लीलाबाई, वय नव्वद, ओसरीवर होत्या. त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "खंडेराव आमचा मूळपुरुष. थोरला सोनाजी मागं राह्यला. आम्ही घोंगड्या विकायचो, म्हणून लोक घोंगडे म्हणाया लागले."
शेजारीपाजारी, गावचे चार लोक ऐकत होते. मी उठून मोतीरामरावांना कडकडून मिठी मारली. त्यांचे हात खालीच राहिले. भावना अनावर झाल्या असणार.

२३ फेब्रुवारी
रत्नमालाला शोध सांगितला. तव्यावरची पोळी जळाली. मग म्हणाली, "म्हणजे ती पोरगी सार्थकची बहीण लागती. भावकीत लग्न लावता व्हय?"
मुद्दा तांत्रिक आहे. मध्ये पाच-सहा पिढ्या गेल्या. मार्ग काढतो.

१ मार्च
मोतीरामरावांना फोन. म्हणालो, म्हातारं माणूस, चुकीचं आठवलं असेल. पुरावा कच्चा आहे असं मी जाहीर करतो. ते शांतपणे म्हणाले, "दादा, आमच्या कानावर थोडंफार होतं. म्हणून तर कुणी विचारत नव्हतं. तुम्ही चार लोकांत वदवून घेतलं. आता पोरगी कशी द्यावी?"
आजवर व्याही म्हणायचे. दादा म्हणाले. आपुलकी वाढली आहे.

१५ मार्च
सार्थक बाहेरूनच जेवून येतो. ऑफिसात लोड असेल. त्याला पूर्ण झालेला कुलवृक्ष दाखवायचा राहिला.

३० एप्रिल
मोतीरामरावांचा फोन. ज्ञानेश्वरीचं जालन्याकडं जमलं. त्यांना मुलगा नाही. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. म्हणाले, भावकीत थोरली पाती तुमची, मान सार्थकचा. त्याला पाठवा.
थोरल्या पातीचा मान म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.
रत्नमाला म्हणते, तुमचा शोध, तुम्हीच सांगा त्याला. सार्थक आतल्या खोलीत आहे. दारापर्यंत जाऊन परत आलो.