बारा सत्तेचाळीस

परभणी,
गुरुवार, दि. ४ जानेवारी १९९०

उद्धवराव,

बन्सीधरचा नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून पत्र तसंच ठेवून द्यावंसं वाटलं असेल, तर तुमचं काही चुकलं नाही. पण फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

इकडे सगळे ठीक. अनसूया बरी आहे. पोरगी यंदा पहिलीत गेली, तुमच्यासारखीच डावखुरी निघाली. दुकानात रेडिओ कमी झाले, कॅल्क्युलेटर आणि टेपरेकॉर्डर वाढले. थंडी मात्र या साली अशी पडली आहे की सकाळी कामाच्या आधी अर्धा तास हात शेकण्यातच जातो.

थंडीवरूनच हे पत्र सुचलं.

बोरीच्या एका शाळेतले क्लार्क दिनकरराव गेल्या महिन्यात कॅल्क्युलेटर घेऊन आले. सकाळी चालत नाही म्हणाले. मी बटण दाबलं तर आकडे ठळक. चार दिवसांनी परत आले, परत ठळक. मी सेल काढून टोकं घासली, आतली रबरी पट्टी पुसून बसवली. तिसऱ्यांदा आले ते भडकूनच. "शाळेत सकाळी आकडे न्हाईत, तुमच्या दुकानात आलं की हायेत. तुमाला भ्यायलंय का काय हे?"

मी कॅल्क्युलेटर ठेवून घेतला आणि पहाटे गच्चीच्या कठड्यावर मांडून शेजारी घोंगडी घेऊन बसलो. अनसूयाला वाटलं, माझं डोकं फिरलं. आकडे आधी फिकट झाले, मग पार गेले. मुठीत धरला तर थोड्या वेळानं परत आले. त्या काचेत एक द्रव असतो, तो थंडीत आळसावतो. त्यात सेल उतरलेला असला की त्याला हलवायचा जोर राहत नाही. नवा सेल घालून दिला आणि आतल्या खिशात ठेवायला सांगितलं. दिनकरराव खूश होऊन गेले.

मी नाही झालो. मी ट्रंकेतून ते घड्याळ काढलं.

कोणतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही हैदराबादहून आमच्या लग्नासाठी हौसेनं आणलेलं, आकड्यांचं. पोखर्णीत तेव्हा तसं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या रात्री ते मानपानाच्या ताटात, देवळाच्या ओवरीत, थंडगार दगडावर राहिलं. सकाळी सासऱ्याच्या मानानं माणिकमामांनी माझ्या मनगटाला बांधलं तेव्हा काच कोरी होती. आमचे नाना ओरडले, "मुर्दा घड्याळ बांधायलेत माझ्या पोराला!" मग सगळे माझ्याकडे वळले, कारण नवरदेव स्वतः मेकॅनिक. मी ते उन्हात धरलं, कानाला लावलं (आकड्यांचं घड्याळ कानाला लावणारा मेकॅनिक!) आणि म्हणालो, डुप्लिकेट माल आहे. मामा तुमच्याकडे वळले. "बापालाच फसवायलास?" तुम्ही पिशवी उचलून बाहेर पडलात. कानपिळीच्या वेळी नवरीच्या भावाला हाका मारल्या, तुम्ही मांडवात नव्हता. भटजी पुढे सरकले.

परवा त्याच घड्याळात उतरलेला सेल घालून ते कठड्यावर ठेवलं. कोरं झालं. मुठीत धरलं, आकडे आले. माल अस्सल होता, फक्त सेल उतरलेला आणि रात्र थंड. तुमचा काडीचाही कसूर नव्हता.

इथे पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. तीनदा संपवून फाडलं. तिन्ही वेळा असं लिहिलं होतं की मला हे या हिवाळ्यात कळलं. ते खोटं आहे.

लग्न लागल्यावर जेवणाची पंगत बसली होती. घड्याळ माझ्या कोटाच्या खिशात, अंगावर ऊन. मित्रांना दाखवून हसावं म्हणून बाहेर काढलं तर काचेवर आकडे होते. बारा सत्तेचाळीस. का आले ते कळलं नाही, पण घड्याळ चालू आहे हे कळलं. तुम्ही फाट्यावर उभे आहात हेही ठाऊक होतं. एसटी सव्वाची होती. पोराला पळवलं असतं तरी तुम्ही थांबला असता. मी घड्याळ परत खिशात घातलं. नाना चारचौघांत बोलून बसले होते, मी निकाल देऊन बसलो होतो. लग्नाच्या दिवशी हसं होऊ नये म्हणून मी जिलबी खात बसलो.

तुम्ही हैदराबादला गेलात ते परत आला नाहीत; सात वर्षं अनसूया भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. दर वेळी मी काहीतरी निमित्त काढून दुकानात जातो. काल तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. म्हणाली, "मला काय सांगायलाव? ज्याचं त्याला सांगा." तेव्हापासून बोललेली नाही. तिचा राग रास्त आहे.

मामांचा उजवा डोळा गेला. डाव्याबद्दल डॉक्टर भरवसा देत नाहीत. तुमचं नाव घरात कुणी काढलं तर उठून बाहेर जातात. पण अनसूया सांगते, हैदराबादच्या गाडीचा विषय निघाला की त्यांचे कान तिकडेच असतात.

संक्रांत यंदा रविवारी आहे. मी पहाटेच पोखर्णीला जाईन. ओवरीतल्या त्याच दगडावर घड्याळ ठेवीन, मामांच्या देखत कोरं होऊ देईन आणि मग त्यांच्याच मुठीत देईन. डाव्या डोळ्याला दिसतं आहे तोवर आकडे त्यांनी स्वतः पाहावेत. बारा सत्तेचाळीसचंही गावासमोर सांगेन. नानांना कल्पना दिली आहे. ते रागावले आहेत, रागावू देत.

तुम्ही या. माफ करा असं म्हणायचं तोंड मला नाही. पण कानपिळी तुमची राहिली आहे आणि तो मान दुसऱ्या कुणाचा नाही. जोरात पिळा. गावभर लोकांना ऐकू जाईल असा ओरडेन.

कान राखून ठेवलेला,
तुमचा मेव्हणा
बन्सीधर