पातळ तिल्ली

२ नोव्हेंबर

खोटं बोलले. चर्चच्या तळघरात, रविवारची कॉफी पिताना, सगळ्यांच्या देखत.

तिल्ली चांगली जाडजूड होती. वेन्टेला खाटकाकडून दरवर्षीप्रमाणे डुकराची तिल्ली, म्हणजे प्लीहा, कागदात गुंडाळून आली. ओट्यावर ठेवली, येणारा हिवाळा वाचायला आईने शिकवल्याप्रमाणे रुंद टोकापासून निमुळत्या टोकापर्यंत बोट फिरवलं. रुंद टोक नोव्हेंबर, निमुळतं टोक एप्रिल. जिथे जाड, तिथे कडाका. मधोमध एवढा फुगवटा मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे भर हिवाळ्यात सरोवर आम्हाला बर्फात गाडणार.

आणि मी उभी राहून म्हणाले — पातळ आहे, सौम्य जाईल.

इर्मा लगेच, "ऐकलंत? लेम्पीची तिल्ली आणि रेडिओ, दोघांचं एकदाचं एकमत झालं. फावडी विकून टाका." सगळे हसले. अर्वो कोपऱ्यात वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होता. तो हसला नाही. "बरं," म्हणाला, "मग मी यंदा टोकावरच राहतो."

मला तेच हवं होतं.

३ नोव्हेंबर

कारण लिहून ठेवते. नाहीतर महिन्याभरात मीच काहीतरी चांगलंसं कारण शोधून काढीन.

अर्वो माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर त्याची खोप आहे, तिथे एकटा राहतो. तिल्ली जाड निघाली की बोचकं उचलून माझ्या मागच्या खोलीत येतो तो बर्फ वितळेपर्यंत. ओले लोकरी मोजे शेगडीवर. तंबाखूची पिंक माझ्या चांगल्या कपात. रेडिओ इतका मोठा, की शेजारच्या कुत्र्यालाही बातम्या पाठ. तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आहे ना तो घरात!

आधी आईचं केलं. मग नवऱ्याचं, इव्हर्टचं, तो अंथरुणाला खिळला तेव्हापासून जाईपर्यंत. आता त्या खोलीला पिवळा रंग दिलाय आणि माग लावलाय. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची सतरंजी विणते. दार लावून घेते. कुणी हाक मारत नाही.

एवढ्यासाठी.

गावातल्या बाकीच्यांना मी फसवलं नाही का? फसवलं. पण त्यांना रस्ता आहे, शेजार आहे. टोकावर काय आहे?

१९ नोव्हेंबर

पाऊस. बर्फाचं नाव नाही. सतरंजीत निळा पट्टा घातला, इव्हर्टच्या कामाच्या शर्टांचा. खूश आहे. लाज वाटते, पण खूश आहे.

८ डिसेंबर

अर्वो किराणा न्यायला आला होता. मागच्या खोलीत डोकावला. त्याची खाट उभी करून भिंतीला लावली आहे, ती त्याने पाहिली. मागावर हात फिरवला. "काठ सरळ येतोय," म्हणाला.

मी म्हटलं, जेवून जा. नको म्हणाला, अंधार पडायच्या आत पोचायचंय. तो गाडीत बसेपर्यंत मी दारात उभी. सांगायचं होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगितलं काय — बटाटे खाली ठेवू नकोस, गोठतील.

नाताळालाही येणार नाही म्हणाला. मीही दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

२६ डिसेंबर

वारा फिरला. वायव्येचा. सरोवर अजून उघडंच. गोठलं असतं तर आमची सुटका होती. उघडं आहे तोवर वारा त्यावरून ओल उचलणार आणि आमच्या डोक्यावर आणून ओतणार. दुपारपासून बर्फ पडतोय. समोरचं घर दिसत नाही.

अर्वोला फोन केला. म्हणाला, "पडतोय खरा." आणखी काय बोलणार तो.

२८ डिसेंबर

थांबत नाही. खिडक्या अर्ध्या बुजल्या.

इर्माचा फोन. "लेम्पे, तुझं डुक्कर मूळचं फ्लोरिडाचं होतं का गं?" आणि स्वतःच खो खो हसली. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, हिला कळलं. तिला काहीही कळलेलं नाही. कुणीच दोष देत नाही मला. रेडिओही चुकला, तिल्लीही चुकली, झालं. तिल्ली चुकली नाही गं बाई.

टोकावरचा फोन लागत नाही. तार तुटली असेल. तारच तुटली असेल.

२९ डिसेंबर

बुशेकडे गेले. गावातला बर्फ काढायची गाडी तोच चालवतो. म्हटलं, टोकाकडचा रस्ता उघड. तो म्हणाला, "लेम्पीबाई, आधी रस्ता कुठाय ते दाखवा. काल मी कुणाच्यातरी टपालपेटीवरून गाडी नेली." मग माझा चेहरा बघितला. वारा जरा पडला की बर्फावरची गाडी घेऊन जातो म्हणाला. "अर्वो मुरलेला गडी आहे हो. आणि त्याला थोडंच ठाऊक होतं असा हिवाळा येणार ते."

घरी आले आणि माग सोडवला. ताण्याचे धागे कात्रीने कापले, अर्धी सतरंजी गुंडाळून टाकली, खाट मांडली, अंथरूण घातलं. त्याने काय होणार? देव काय सौदा करायला बसलाय? पण हात थांबेनात.

देवा, तो मेला तर मी मारला.

३१ डिसेंबर

जिवंत आहे.

बुशे आणि वेन्टेलाचा मुलगा जाऊन आले. अर्वो छपरावरचा बर्फ ओढायला वर चढला आणि घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. तसाच सरपटत आत गेला, शेगडीपाशी आडवा पडून लाकडं सारत राहिला. त्यांनी त्याला घसरगाडीवर बांधून आणलं आणि तिथूनच इस्पितळात.

बुशे माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. म्हणाला, "लाकडांनी वाचवलं बघा. एक अख्खी भिंत, खालपासून छतापर्यंत. सौम्य हिवाळ्यासाठी इतकी लाकडं फोडतं का कुणी?" मी म्हटलं, म्हातारा आहे, हात सवयीने चालतात. मला एवढंच कळत होतं की तो आहे.

११ जानेवारी

इस्पितळात जाऊन आले. शस्त्रक्रिया नीट झाली. अर्वो वैतागलेला. "सौना नाही इथं, वाफेचं न्हाणं नाही. ओल्या फडक्याने पुसून काढतात मला, टेबल पुसावं तसं."

बाहेर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, टोकावर एकट्याने राहणं आता विसरा. त्याला अजून सांगितलेलं नाही. मीच सांगेन म्हटलं. सगळा जन्म तिथं काढला त्याने. मला एक हिवाळा हवा होता, आणि त्याची खोपच गेली.

गाडीत बसून रडले. मग रस्ता बंद व्हायच्या आत निघाले.

३ फेब्रुवारी

अर्वो घरी आला. खाट आवडली म्हणतो. मोजे शेगडीवर.

६ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं. वाटाण्याचं सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलले. तिल्ली जाड होती, मी खोटं सांगितलं.

तो खात राहिला. मग म्हणाला, "वेन्टेलाचा खांदा आखडला होता त्या दिवशी. डुक्कर मीच फाडलं. तिल्ली मीच काढून कागदात बांधली."

मी विचारलं, मग तळघरात बोलला का नाहीस?

"तू पातळ म्हणालीस," तो म्हणाला. "म्हटलं, हिला यंदा खोली हवीय."