लसणाला दिलेला दोष

प्रिय सुलूताई,

शाळेत प्रार्थनेच्या वेळी हसायचीस तू आणि सिस्टर बाहेर उभं करायच्या मला, आठवतं?

महिन्यापूर्वी छातीत कफ होऊन ताप आला. खोकला गेला, धडधड राहिली. पंधरा दिवस मी कफावर प्यायलेल्या हुलग्याच्या माडग्यातल्या लसणालाच दोष देत होते. आता डॉक्टर म्हणतात, हृदयाचे ठोके चुकताहेत. उद्या नगरला भूल देऊन, हलका शॉक देऊन ते ताळ्यावर आणणार.

सूनबाई निकिता म्हणाली, "आई, सुलूमावशींना कळवू का?"

"नको गं! ती कर्जतहून रडत येईल आणि मीच तिला पाणी देत बसेन."

म्हणून हे पत्र कपाटातच ठेवते. भीती वाटतेय, हे फक्त तुला सांगते. काही झालंच, तर आईच्या पाटल्या तुला, शिवणयंत्र निकिताला. मी घरी परतले, तर मात्र कुणी कशाला हात लावायचा नाही.

तुझी,
कुमुद