कासिल्दाचा दगड आणि वाढीव कॉम्प्रेशन

२० फेब्रुवारी १९७४. एल आल्टो.
दमलोय. काल खालून केळी भरून चढताना ट्रक प्रत्येक वळणावर थांबला. भरल्या गाडीला ब्रेक पुरत नाही, म्हणून दर वेळी कासिल्दाने उतरून चाकामागे दगड लावला. लग्नापासून हे काम तिचंच. घरी आल्यावर गुडघे चोळत म्हणाली, अहो, पुढच्या फेरीत उतरावं लागलं तर मी सेवेरोच्या ट्रकमध्ये बसेन, कायमची. सेवेरो तिचा भाऊ. नवा डिझेल ट्रक घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नसतात.

२२ फेब्रुवारी.
निर्णय! इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवणार. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून तासायचं. जागा कमी, दाब जास्त, ताकद जास्त. आपल्या डोंगरावर हवा विरळ, इंजिन कायम अर्धपोटी. इलारियोन मेकॅनिक म्हणाला, एक मिलिमीटर. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, इथे चालेल, खालचं ठाऊक नाही. उकाड्याने पुरळ येतं म्हणून तो कधी खाली गेलेलाच नाही. हवा काय, इथून तिथून सारखीच.

२६ फेब्रुवारी. कार्निव्हलचा मंगळवार.
हेड दोन मिलिमीटर तासून बसवलं. ट्रकला रंगीत कागद बांधले. रिवाजाप्रमाणे बॉनेटवर आणि धरणीमातेला दारू शिंपडली. उरलेली मी घेतली.

२७ फेब्रुवारी.
डोकं ठणकतंय. तरी रिकामा ट्रक घाटमाथ्यावर नेला. तिसऱ्या गिअरमध्ये! दगड गाडीतून काढून दारात ठेवला, शेजाऱ्यांना बघायला. कासिल्दा म्हणाली, असू द्या की गाडीत, खायला मागतोय का? मी ऐकलं नाही. माणसाचा स्वतःच्या कामावर विश्वास हवा.

२८ फेब्रुवारी. कारानावी, डोंगराखाली.
उतारावर ट्रक झकास चालला. कासिल्दा म्हणाली, उतारावर सगळेच झकास.

१ मार्च.
केळी भरली. पहिल्याच चढाला इंजिन डब्यात खडे घातल्यासारखं खडखडू लागलं. कासिल्दाला सांगितलं, ताकदीचा आवाज आहे. दुसऱ्या वळणावर ताकद संपली. पिस्टनला भोक. ट्रक मागे सरकू लागला, मागे दरी. कासिल्दा उडी मारून दगड शोधायला लागली. दगड दारात. तिने केळ्यांचे घडच चाकाखाली टाकले. पहिले दोन चेचले गेले, तिसऱ्यावर ट्रक थांबला. मग तिने चिकट हात ट्रकच्या रंगीत कागदांना पुसले.

२ मार्च. घाटात कुठेतरी.
सेवेरो आला. म्हणाला, दाजी, इथली हवा दाट, तुमच्या इंजिनाला अजीर्ण झालं. वर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. अंगण खरोखरच वाकडं आहे, घाट आहे हा! इंजिन उत्तमच होतं, हवा खराब.
दोर बांधून ओढत नेतोय. कासिल्दा पुढे त्याच्या केबिनमध्ये. माझ्या शेजारची जागा रिकामी. वाईट वाटतं.
दोर तुटू नये म्हणून तो प्रत्येक वळणावर थांबतो. त्याने त्याचा दगड मला दिलाय. उतरून लावायला कोणी नाही, मीच उतरतो.
दगड फार जड आहे. कासिल्दाने हे आधी सांगायला हवं होतं.