लोखंडातले दादा

तीर्थरूप दादा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं; पत्र वाचून झालं की ते वाक्य खोडून टाकावं. आपले गुडघे काय म्हणतात? वहिनींना नमस्कार सांगावा. (आमच्याकडची पत्रं आपण उघडत नाही हे ठाऊक आहे, वहिनी उघडतात हेही ठाऊक आहे.)

आपल्या बहिणीचे डोळे चालले आहेत. हे जरा आडवळणानं लिहून पाहिलं, जमलं नाही. नजर कडांकडून आत मिटत आली आहे. खिडकीपाशी, भर उजेडात, अगदी समोरचं तेवढं दिसतं. तेही जाणार, असं डॉक्टर म्हणतात. (कधी, ते सोडून बाकी सगळं सांगतात.) हातानं वस्तू ओळखायची सवय आतापासून करायला सांगितली आहे. वाट्या, किल्ल्या, बटणं ती झटकन ओळखते. मग एक दिवस म्हणाली, माणसांचं काय करायचं? माझं थोबाड हाताशी आहेच, त्यात तिला फारसा रस नाही. तिला आपला चेहरा हवा होता. आईंच्या वेळी तिनं उशिरा कळवलं, आपली शेवटची भेट हुकली, तेव्हापासून आपण इकडे फिरकला नाहीत. म्हणून मी आपला चेहरा बनवायचं मनावर घेतलं.

मातीचा करता आला असता. पण ही बाई त्यावरून रोज हात फिरवणार, आणि माती झिजते. शिवाय आमच्या घराखालीच गेट आणि खिडक्यांचे गज करून देणाऱ्याचं वर्कशॉप आहे. त्याला म्हटलं, मला वेल्डिंग शिकव. त्यानं विचारलं, गेट कुणाचं? मी म्हणालो, मेव्हण्याचं तोंड. त्यानं जन्मात माणूस केलेला नाही. आपल्या नाकाचा पहिला नमुना त्यानं मला करून दाखवला, तो मी आमच्या मोरीच्या दाराला कडी म्हणून लावला आहे. छान बसली आहे.

मग मी स्वतः हातात रॉड घेतला. तो पत्र्याला टेकवायचा आणि लगेच किंचित उचलायचा, एवढंच असतं. माझा टेकला की चिकटायचा. ओढून काढला की पत्र्याला भोक, म्हणजे नाकपुडी थेट कपाळावर. डोळ्यांपुढे काळी काच धरायची असते. ती धरली की ठिणगी पडेपर्यंत काही दिसत नाही, म्हणून मी ती जरा बाजूला करून नीट बघून घेत होतो. (शिकायचं म्हणजे बघायला नको का?) संध्याकाळी डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. उघडवेनात, मिटवेनात, पाण्याच्या धारा. ओल्या फडक्याची पट्टी बांधून मी खुर्चीत पडलो, आणि आपल्या बहिणीनं भिंतीला हात लावत लावत जाऊन चहा केला. कप माझ्या हातात अचूक दिला. मी तो सांडला. ती खूप दिवसांनी पोट धरून हसली, आणि मग मला म्हणाली, आता कळलं ना? मला कळलं. त्या पट्टीखाली मी रडलो, पण धारा आधीच लागलेल्या, त्यामुळे निभावून गेलं.

डोळे बरे झाल्यावर पुन्हा कामाला लागलो. डावा गाल चांगला जमला, तेव्हा हुरूप येऊन मी त्या बाजूची सगळी जोडणी एका बैठकीत पुरी केली. लोखंड थंड होत गेलं आणि अख्खा चेहरा त्या बाजूला खेचत गेला. मान वळवून, तोंड वाकडं करून, आमच्याकडे मुळीच न बघणारे दादा तयार झाले. साधर्म्य इतकं होतं की मी तसंच ठेवणार होतो. पण गेटवाला ओरडला, "काका, आधी चारी बाजूंनी टाके मारायचे हो! एकच बाजू धरून बसलात की पत्रा असाच फिरणार!" टाके म्हणजे नुसते ठिपके, सगळीकडून थोडं थोडं धरलं की मग आकार जागचा हलत नाही. सगळं कापून पुन्हा जुळवलं. आता आपण समोर बघता. थोडे रागानं, पण समोर.

आता अडलं आहे ते मापांवर. घरात आपला फोटो आहे तो लग्नाआधीचा, त्यात आपल्याला केस आहेत. तरी कपाळाची रुंदी आणि नाकाची लांबी सुतानं मोजून कळवावी, ही विनंती.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. मापं कळवू नयेत. सुताला चेहरा कळत नाही. आपण स्वतः यावं, आणि सकाळी यावं, खिडकीत ऊन असतं तेव्हा. आईंच्या वेळी उशीर झाला. या वेळी मी वेळेत कळवतो आहे.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हे लिहितो. मी नको म्हणत असताना तिनं आज तो चेहरा हातात घेतला. वेल्डिंगचे वळ मी अजून घासलेले नाहीत. कपाळावर, डोळ्यांखाली, सगळीकडे जाड रेघा आहेत. तिनं त्यांवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि विचारलं, "दादा इतका म्हातारा झाला?" मी काय सांगणार? मीही आपल्याला इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही.